दोराला हात, त्याला वाटा

कोसंबटोला, ता. आरमोरी
६ जानेवारी २०२६

ती. कुंताआत्यास,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग खुशाली. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आपल्या गावचा तलाव खोदला तेव्हापासून एकाही बाईने ओल्या जाळ्याला हात लावलेला नाही, आणि आम्ही लावला तर आम्हीच पहिल्या. हे चूक आहे. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. सगळे म्हणतात तेच मी लिहिलं, पण कुणाला विचारून घेतलं नाही. तेच वाक्य मी ग्रामसभेच्या अर्जातही घातलं, आणि परवा बायांच्या बैठकीत मोठ्या आवाजात वाचलं, म्हणून जास्त लाज वाटते.

वच्छलाआजी तिथे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझं वाक्य ऐकून ती एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, पहिल्या कायच्या वो, तुमच्या आधी कुंती होऊन गेली. कोणती कुंती, असं मी वेड्यासारखं विचारलं. तर ती म्हणाली, तुही आत्या, दुसरी कोणती, आमच्या गावात काय कुंत्या पिकतात?

आत्या, मला कुणीच कधी सांगितलं नाही. लहानपणापासून ऐकत आले की बाया पाण्यात उतरल्या तर त्या सालासारखं होईल. ते साल कोणतं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं दुष्काळाचं असेल. वच्छलाआजी म्हणते, ते साल तुझं. तू मोठ्या ओढीला दोर धरलास, मग उन्हाळ्यात तलावातली मासोळी मरून वर आली, आणि पावसाळ्याच्या आत तुला सिरोंच्याकडे देऊन टाकलं. पुढचं विचारलं तर म्हणाली, पुढचं जिचं आहे तिले विचार.

म्हणून विचारते. तुला दुखवायचं नाही. सांगायचं नसेल तर नको सांगू, मी अर्जातलं ते वाक्य नुसतं खोडून टाकीन. पण खोडलं तर मी खरी गोष्ट लपवली असं होईल. आणि खरी गोष्ट लिहिली, तर ज्यांना आम्ही दोराला नको आहोत त्यांच्या हातात आपणच काठी दिली असं होईल. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. कॉलेजला जाताना एसटीत आरमोरी येऊन गेलेलं कळलं नाही, पुढच्या थांब्यावरून परत चालत आले.

तू अर्ज कसा लिहिलाय म्हणून विचारलं होतंस. असा लिहिलाय: आमच्या ढिवर मोहल्ल्यात जाळं विणणं आणि सांधणं हे बायांचं काम. पण जाळं एकदा पाण्यात गेलं की बाईने त्याला शिवायचं नाही. वाळवून दिलं की पुन्हा आमचं. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून तलावात मोठं जाळं ओढतं, त्या मोठ्या ओढीला ज्याचा दोराला हात त्यालाच मासोळीचा वाटा, असा गावचा रिवाज. त्यामुळे ज्या घरात पुरुषमाणूस नाही त्या घराला वाटा नाही. तलाव सामूहिक वनहक्कात ग्रामसभेचा आहे आणि ग्रामसभेत बाया आहेत. म्हणून बायांना दोर धरू द्यावा आणि हातावर वाटा द्यावा.

आपल्या घराचं मी अर्जात लिहिलं नाही, ते तुला माहीतच आहे. बाबा गेल्यापासून आईला वाटा नाही. ओढ झाली की मोठेबाबा टोपलीभर मासोळी घरी पाठवतात. कधी चुकले नाहीत, आमच्या टोपलीत कधी लहान मासोळी खपवली नाही. आई टोपली घेते आणि काही बोलत नाही. मागच्या वर्षी एकदाच बोलली, देणाऱ्याचं मन मोठं आहे गं, पण घेणारीची मान दरवेळी खाली काऊन? मला हेच सगळ्यात अवघड जातं. मोठेबाबा मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आणि ज्यांच्या टोपलीतलं मी खाल्लं त्यांच्याच विरुद्ध अर्ज माझ्या अक्षरात.

२५ तारखेला महिला सभा, २६ ला ग्रामसभा. त्याआधी तुझं उत्तर आलं तर बरं. आईचा तुला नमस्कार. तिचा गुडघा थंडीने दुखतो, पण विचारलं तर नाही म्हणते.

माया आहेच, ती या पत्राने कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
रोशनी


सिरोंचा
१२ जानेवारी

चि. रोशनीले आत्याचा लय लय आशीर्वाद.

तुहं पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं. एकदा घरात, एकदा नदीवर जाऊन. तुही आई फोनवर म्हणत होती का कागद कायले लिहिता, फोन हाय ना. तिले सांग, फोनवर बोललेलं वाऱ्यावर जाते. अन् तू सातवीच्या सुटीत इथी येऊन मले बाराखडी शिकवली, तवा मी म्हटलं होतं का आता तुले भोगा लागन. तर भोग. माह्या ऱ्हस्व-दीर्घाले हासू नको.

वच्छलाबाई अजून जित्ती हाय अन् अजून चुगल्या करते, हे वाचून बरं वाटलं.

तू इचारलं ते सांगतो. दुखावाले काय हाय त्याच्यात? मी काय चोरी केली होती?

मोठी ओढ दोन दिसावर आली अन् बाबाले हिवताप आला. घरचे दोन हात दोरावर जात, तर दोन वाटे येत. एक हात कमी म्हणजे एक वाटा कमी. घरात खाणारे सात. मुखरू, तुहा बाप, तवा रांगत होता. मी सतरा-अठराची असन. पौषातलं धुकं असं का आपला हात आपल्याले दिसत नाई. मी बाबाचा सदरा घातला, डोक्याले मुंडासं बांधलं, अन् जाऊन दोराच्या टोकाले उभी राह्यली. कोणी पाह्यलं नाई. पाह्यलं असन तर समजलं नाई. छातीभर पाण्यात गेली. दोर असा ओढला का तळव्याची साल निघाली. पोट्टे, मी तुले काय सांगू. जाळं जवा भरते ना, तवा दोरातून त्याचा जीव हातात येते. थरथर थरथर. चूल फुकून, भांडे घासून तसं कधी हाताले लागलं नाई.

मंग एक मरळ जाळ्यावरून उडाली ते सिधी माह्या तोंडावर. अन् मी बोंबलली. बाईमाणसाचा आवाज साऱ्या तलावाले समजला.

त्या दिसाची मासोळी लय होती. कोणी परत पाण्यात नाई सोडली बाप्पा. घरोघरी शिजली, घरोघरी वाळली. मंग जेठात आभाळ आलं, उबाऱ्यानं पाणी तापलं, अन् मासोळी मरून वर आली. त्याच्या आंधीच्या साली बी आली होती. पण त्या साली नाव ठेवाले पोट्टी नोती.

बाबानं म्हटलं, इले तलावापासून दूर द्या. तर देल्ली कुठी? गोदावरीच्या काठावर! कोंबडीले सजा म्हणून धानाच्या कोठीत कोंडली. लग्नाच्या आठवड्यात सासू म्हणाली, जाळं ओढता येते का? मी म्हटलं, येते. तिनं दोर हातात देल्ला. तेव्हापासून तो हातातच हाय. नात म्हणते, नानम्मा, तुहे हात मगरीसारखे काऊन? मी म्हणतो, गोदावरीशी हात मिळवते ना रोज, म्हणून.

तवा माहं नाव खोडू नको. लिव. पुरं लिव, बापाच्या नावासंग लिव. कुंता कोंडूजी मेश्राम. ज्याले काठी घ्याची हाय त्याले घेऊ दे.

अन् एक सांगतो. माहा बाबा तर तापानं पडला होता. दोर एकटीनं ओढता येत नाई, त्याले दुसरं टोक असते. मह्या संग दुसऱ्या टोकाले कोण होतं, ते वच्छलाबाईले माहीत नाई. ते तू तुह्या मोठेबाबाले, डोमाभाऊले इचार. इचारताना चहा देजो, रिकाम्या पोटी इचारू नको.

तुह्या आईच्या गुडघ्याले निरगुडीचा पाला शेकाले सांग.

पत्र लिवत राहा, नाई तर इथून येऊन कान पिळीन.

तुही आत्या,
कुंता


कोसंबटोला
१७ जानेवारी २०२६

ती. कुंताआत्यास,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि आई हसली. नंतर आई रडली आणि मी हसले. अर्ज नव्याने लिहिला. तुझं नाव घातलं, बापाच्या नावासह, आणि आम्ही पहिल्या हे वाक्य काढलं. आमच्या आधी एक आहे, असं लिहिलं. बायांना वाचून दाखवलं तेव्हा वच्छलाआजी म्हणाली, आता कसं झालं, आता लग्नात कोणी मोठी असावी तसं वाटते.

आमची एक फजिती सांगते. सोसायटीने आधीच कळवलं होतं की आमचं जाळं बाटवू देणार नाही. आई म्हणाली, नका देऊ, जाळं काय आभाळातून पडते? आमच्या गटातल्या बायांनी दुपारच्या वेळी बसून नवीन जाळं विणलं. एवढं सुंदर झालं की घडी घालताना मला साडीसारखं वाटलं. रविवारी गावामागच्या बोडीत ते टाकून बघायचं ठरलं. बोडी लहान आहे, काठाशी कमरेएवढं पाणी, मध्ये तेवढी खोल, आणि ती रोशनभाऊच्या शेतातली, त्याने हो म्हटलं होतं.

आत्या, जाळं बुडालंच नाही. पाण्यावर मच्छरदाणीसारखं पसरलं आणि तरंगत राहिलं. पारीवर, वरच्या बांधावर, माणसं जमली होतीच. मोठेबाबांचा मिथुनदादा वरून म्हणाला, काकू, मासोळी धराले आल्या का लुगडे वाळवाले? आई चिखलात उभी होती. ती म्हणाली, हासून घे बाबू, हासणं अजून फुकट हाय. सगळे हसले, आम्हीही हसलो, पण माझे कान गरम झाले होते.

घरी येऊन कळलं काय चुकलं ते. आपल्या सगळ्यांचा जन्म जाळी विणण्यात गेला, पण जाळ्याच्या तळाला जे मातीचे मणी असतात ते आमच्यापैकी कुणी कधी ओवलेच नाहीत. जाळं सांधायला देताना माणसं ते मणी काढून घेतात आणि नंतर स्वतः बसवतात. त्यामुळे आमच्या हातात येतं ते नेहमी बिनमण्याचं जाळं. आमच्या लेखी जाळं तेवढंच. वच्छलाआजी म्हणाली, भाकर थापाले देल्ली अन् चूल लपवून ठेवली.

मग तलावाची माती आणली. पोळ्याला पोरांसाठी आपण मातीचे बैल करतो, तसे मणी वळले, शेणीच्या आगीत भाजले. बरेच तडकले. दुसऱ्यांदा माती जास्त मळली तेव्हा टिकले. किती बसवायचे हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कधी जास्त, कधी कमी असं करत तीन संध्याकाळी बोडीवर गेलो. काल जाळं सरळ खाली गेलं. झिंगे आले, एक वाघूर मासा आला, कुणाची तरी चप्पल आली. बायांनी असा आरडाओरडा केला की रोशनभाऊला वाटलं कुणी बुडालं.

आता मोठेबाबांचं. तू सांगितलं तसा चहा दिला. ते अंगणात बसून दोर वळत होते. मी विचारलं, आत्याच्या वेळी दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? ते दोर तसाच टाकून उठले आणि खळ्याकडे गेले. चहा थंड झाला. मोठीआईने माझ्याकडे असं बघितलं की मी घरी पळाले. मी चुकले का आत्या? मला वाटतं मी आपल्या घरात भिंत घातली. आई म्हणते, भिंत आधीचीच होती, तू नुसता हात लावून पाह्यला.

आईच्या गुडघ्याला पाला शेकला. फरक आहे म्हणते. आता खरं म्हणते की नाही, देव जाणे.

तुझ्या आशीर्वादाची आत्ता सगळ्यात जास्त गरज आहे, तो पाठव.

तुझी,
रोशनी


कोसंबटोला
१९ जानेवारी २०२६

चि. कुंतीस डोमाचा आशीर्वाद.

(आत्या, हे मोठेबाबांनी बोलावून सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे, माझं एकही अक्षर त्यात घातलं नाही. — रोशनी)

इकडं सारं बरं हाय. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. धान बरं झालं. मले खोकला हाय पण तो जुनाच हाय. तुही भावजय बरी हाय, तुही आठवण करते. मिथुनचं यंदा लग्न पाहून राह्यलो.

पोट्टी तुले पत्र लिवते, मले माहीत हाय. तुहं काय येते ते बी माहीत हाय, ते वाचताना तिच्या तोंडावर दिसते.

तुह्या उजव्या तळहाताले दोराची खूण पडली होती. ते हाय का मिटली? माही डाव्या हाताले हाय. पोट्टीले दाखवली नाई.

मार्कंड्याच्या जत्रेले येशीन तर घरी ये. तू लय सालापासून सिधी जत्रेतूनच परत जातेस.

इतकंच. पोट्टी म्हणते आणखी काही लिवाचं का. नाई म्हणून सांगितलं.

तुहा भाऊ,
डोमा


सिरोंचा
२४ जानेवारी

डोमाभाऊले कुंतीचा नमस्कार.

रोशनी, हे त्याले जोरात वाचून दाखवजो, त्याले कमी आयकू येते, अन् जे आयकू येते ते बी आयकत नाई.

खूण हाय. मिटन काऊन? रोज दोर ओढतो, रोज उजळते. पण मले काऊन इचारते? मह्या हाताची खूण पाहाले इथी नदी हाय, माणसं हायेत, नातू हायेत. तुह्या हाताची कोणी पाह्यली? मूठ झाकून किती साल बसशीन? जे दाखवाचं हाय ते गावाले दाखव. मले नको दाखवू.

गोऱ्ह्याचं नाव काय ठेवलं?

जत्रेले येतो. घरी येतो. यावेळी लवकर जात नाई. मोठ्या भांड्यात भात मांडाले सांग भावजयले.

तुही बहीण, आजवर होती अन् पुढं बी हाय,
कुंता


कोसंबटोला
२९ जानेवारी २०२६

ती. कुंताआत्यास,
रोशनीचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, झालं! आधी तेवढं वाच, मग बाकीचं सावकाश. ठराव झाला. बाया दोराला. हातावर वाटा. घरात माणूस असो की नसो.

आता नीट, क्रमाने लिहिते.

२५ ला महिला सभा झाली. तिथे कुणाचाच विरोध नव्हता, फक्त मोठीआई गप्प बसून होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा तिने पदर सावरल्यासारखं केलं आणि हात वर केला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

२६ ला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानात ग्रामसभा. आईने युक्ती केली होती. तिने बायांना लवकर आणून पुढे बसवलं, लहान पोरं मांडीवर घेऊन. माणसं आली तेव्हा सतरंजी भरलेली. त्यांना मागे उभं राहावं लागलं. रामाजी पाटील म्हणाले, आज काय हळदीकुंकू हाय का? वच्छलाआजी म्हणाली, हाव, तुमाले लावू का?

मी अर्ज वाचायला उभी राहिले. तुला खोटं सांगणार नाही, दुसरी ओळ मी दोनदा वाचली. तुझं नाव आलं तिथे मागची माणसं आपसात कुजबुजली. रामाजी पाटील उठले. म्हणाले, झालं ना मंग, आता तर स्वताच्या तोंडानं कबूल केलं. बाईनं हात लावला अन् त्या साली तलाव मेला. यंदा मेला तर कोण भरणार?

माझ्याकडे उत्तर तयार होतं, घरी दहा वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि ऐन वेळी आठवेना. पण वच्छलाआजी बसल्या जागेवरून बोलली. म्हणाली, रामाजी, त्या साली ओढीची मासोळी तुह्या घरी गेली होती का नाई? तुह्या मायनं अंगणात वाळवण घातलं होतं. मी मांजर हाकलत बसली होती. तवा मासोळी गोड लागली, अन् जेठ लागल्यावर ते कुंतीच्या हातानं बाटली? लोक हसले. तेवढ्यात मला आठवलं आणि मी बोलले. म्हणाले, त्या साली ओढीची मासोळी कुणीही परत पाण्यात सोडली नाही, म्हणजे गावाने त्या हाताचं खाल्लं. आधीच्या साली तलाव मेला तेव्हा कुणाचा हात होता? मला वाटतं माझा आवाज चिरकला. पण बोलले.

एक जण म्हणाला, पण ती खरंच दोराला होती याचा दाखला काय, म्हाताऱ्या बाया काहीही सांगतात.

तेव्हा मोठेबाबा उठले. सगळ्यांना वाटलं अध्यक्ष म्हणून आता नाही म्हणतील. मलाही तेच वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. ते पुढे आले, बायांच्या सतरंजीच्या काठाशी उभे राहिले आणि डावा हात उघडून वर केला. तळव्यावर आडवी पांढरी रेघ आहे. म्हणाले, त्या दोराचं दुसरं टोक मह्या हातात होतं. तिले मीच म्हटलं होतं, बाबाचा सदरा घाल. दोन वाटे मीच डोक्यावर घरी नेले. खाल्ले आमी, अन् धाडलं तिले. आता ज्याले काही म्हणाचं हाय त्यानं मले म्हणावं.

आत्या, सदऱ्याची गोष्ट त्यांची होती, हे तू लिहिलं नव्हतंस. का नाही लिहिलंस ते मी विचारणार नाही.

सचिवांनी ठराव मताला टाकला. मग हात वर झाले. सगळ्यांचे नाही. रामाजी पाटलांचा नाही, आणखी बऱ्याच माणसांचा नाही. पण बाया तेवढ्या एकूण एक, आणि माणसांतलेही पुष्कळ. मिथुनदादाचा सगळ्यात शेवटी झाला, अर्धाच, पण सचिवांनी तो धरला. सोसायटीतले दोघे म्हणाले, बाया जाळ्याला लागल्या तर आम्ही जाळ्याला लागणार नाही. आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, नका लागू, तुमच्या हातचे मणी आमी वळाले शिकलो, आता तुमी आमच्यासारखं विणाले शिका. मी आईला सभेत बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी ऐकायला हवं होतं.

तुझं मोठेबाबांना लिहिलेलं पत्र काल आलं, सभा होऊन गेल्यावर. जोरात वाचून दाखवलं. गावाला दाखव, हे ऐकून ते हसायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, तिले लिव, यंदा तिच्याआंधी मी पोहोचलो. आणि गोऱ्ह्याचं नाव अजून ठेवलं नाही, ते तू आल्यावर ठेवायचं आहे.

जाळं कुणाचं वापरायचं यावर अजून चर्चा चालू आहे. काही बाया म्हणतात आपलंच. मोठेबाबा म्हणतात दोन्ही जोडा, तलाव मोठा आहे. बहुतेक जोडणारच. जागा मात्र ठरल्या. आईने आपली जागा आधीच मागून घेतली, मधली, जाळ्याच्या पोटाजवळची, जिथे ओझं सगळ्यात जास्त. गुडघ्याचं विचारलं तर माझ्यावर ओरडली. मोठीआई तिच्या शेजारी. वच्छलाआजी पारीवर बसून शिव्या देणार आहे, ते कामही कुणीतरी करायला हवं.

आणि दोराचं टोक घेऊन पहिलं पाण्यात उतरायचं माझ्यावर आलं. मी नको म्हटलं. मला छातीभर पाण्याची भीती वाटते, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. आपल्याकडे पोरींना तलावात घोट्याच्या पुढे कधी जाऊ दिलं नाही, मग सवय कुठून होणार? बाया म्हणाल्या, म्हणूनच तू. रोज सकाळी बोडीवर जाते. आज गळ्यापर्यंत गेले. पाय चिखलात रुततात तेव्हा वाटतं निघणारच नाहीत, पण निघतात. परत आले तेव्हा दात वाजत होते आणि मी एकटीच हसत होते.

तालुक्याच्या एक मॅडम म्हणाल्या, आठ मार्चला करा, महिला दिन आहे, फोटो काढू. आई म्हणाली, तोवर ऊन वाढते, मासोळी कॅलेंडर पाहून बसत नाई. म्हणून होळीच्या आधीच धरलं. शिवरात्रीला तू मार्कंड्याला येशीलच, तिथून इकडेच ये आणि तोवर थांब. मोठ्या भांड्यात भात मांडायचं मोठीआईला सांगून ठेवलंय.

लोभ करण्यात तू कधी कमी पडली नाहीस. मी पात्र राहीन, एवढंच बघते.

तुझी,
रोशनी

ता. क. घाईत दिवस लिहायचाच राहिला, आणि तारीख चुकू नये म्हणून पंचायतीत जाऊन पुन्हा विचारून आले. मी दोर घेऊन पाण्यात उतरणार तो दिवस: गुरुवार, २६ फेब्रुवारी २०२६, सकाळी, पारीवर ऊन आल्याबरोबर.